सुर्ल्याचा व्हाळ आणि तीनची बस : ऑफिसच्या एका सहलीचं प्रकरण

पणजीच्या पाटो भागात एका कंपनीची शाखा आहे. विम्याचे दावे तपासायचं काम, मुख्य कार्यालय पुण्यात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुण्याची नऊ माणसं तिमाही बैठकीसाठी आली होती. बैठक शुक्रवारी आटोपली आणि शनिवारी पणजीच्या तेरा जणांबरोबर गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले डोंगर बघायला जायचं ठरलं. एकूण बावीस माणसं, म्हापशाहून भाड्याने घेतलेली मिनी बस आणि साखळीला राहणाऱ्या एका सहकाऱ्याची स्वतःची गाडी. त्या दुपारी सुर्ल गावाच्या मागच्या एका व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, यातले चौघे अडकले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, संध्याकाळी सगळे घरी पोचले, आणि सोमवारी ऑफिसात त्याचा किस्सा झाला.

मी सत्तरीतच राहतो. शाळांच्या आणि कंपन्यांच्या निसर्गसहली नेणं हे माझं काम. या सहलीत मी नव्हतो. पुढच्या वर्षासाठी काही नियम करून द्याल का, म्हणून शाखा व्यवस्थापकांनी मला नंतर बोलावलं. तेव्हा मी बऱ्याच जणांशी वेगवेगळं बसून बोललो आणि दोनदा त्या व्हाळावर जाऊन आलो. इथे नावं देत नाही. माणसं त्यांच्या हुद्द्यांनीच ओळखू. नाहीतरी त्या दिवशी हुद्दे बरोबरच होते, ते पाटोला उतरवून ठेवले असते तर प्रकरण घडलंच नसतं.

बेत कसा ठरला

पुणेकरांची पहिली मागणी अर्थातच दूधसागरची. ३१० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने कोसळणारा धबधबा आणि त्याच्या पोटाशी रेल्वेचा पूल, हे चित्र मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण कुळेहून जाणारा जीपचा रस्ता नदीतूनच जातो, त्यामुळे पावसाळ्यात जीप बंद. रुळांवरून चालत जाणं हा गुन्हा. २०२३ च्या जुलैत तिथे पकडलेल्यांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या, ते व्हिडिओ पुण्यातही पोचले होते. म्हणून दूधसागर रद्द झाला.

मग पुण्याच्या प्रशासन विभागाने नकाशा उघडून नवा बेत पाठवला : सकाळी चोर्ला घाट आणि सुर्ल, दुपारी तांबडी सुर्लचं महादेव मंदिर, संध्याकाळी पणजीला मांडवीवर बोट. कागदावर देखणा दिसत होता. गोव्यात सुर्ल नावाची गावं एकाहून जास्त आहेत हे मात्र त्यात नव्हतं. एक सुर्ल डिचोली तालुक्यात, खाणपट्ट्यातलं. दुसरं सत्तरीच्या उत्तर टोकाला, चोर्ला घाट चढून गेल्यावर लागणारं, जिथे ही मंडळी जाणार होती. आणि तांबडी सुर्ल धारबांदोडा तालुक्यात, अनमोड घाटाच्या पायथ्याशी. घाटावरच्या सुर्ल्याहून तिथे जायचं तर खाली केरीला उतरायचं, वाळपई गाठायची आणि म्हादईचं अख्खं खोरं ओलांडून दक्षिणेला जायचं. पावसात दीड-दोन तास कुठेच गेले नाहीत.

पणजी शाखेतल्या प्रशासनाच्या कनिष्ठ अधिकारी मॅडमनी हे लगेच कळवलं. सहलीची सगळी धावपळ त्यांच्याकडे होती. पुण्याहून उत्तर आलं, ‘बघू, वेळेवर ठरवू.’ ज्याच्याकडे जबाबदारी असते आणि अधिकार नसतो, त्याला असं उत्तर नेहमीच मिळतं. मॅडमनी आपल्या परीने एक तडजोड केली. सुर्ल्याहून बरोबर तीन वाजता बस हलेल, एक मिनिट इकडे-तिकडे होणार नाही, असं त्यांनी ग्रुपवर ठळक अक्षरात टाकलं. बसच्या चालकानेही हीच वेळ सांगितली होती, पण त्याचं कारण वेगळं होतं. "तीन वरांर भायर सरपाक जाय. उपरांत धुंवर आयलें जाल्यार हांव घाट देंवचो ना." म्हणजे तीनला निघायलाच हवं, त्यानंतर धुकं उतरलं तर मी घाट उतरणार नाही. चालकाची वेळ घाटासाठी होती, मॅडमची मंदिरासाठी. ग्रुपवर दोन्ही कारणं गळून पडली आणि नुसतं ‘तीन’ उरलं.

मॅडमनी आणखी एक सूचना दिली होती : कुठल्याही धबधब्यावर जायचं नाही. तिला भक्कम आधार होता. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांतले धबधबे पर्यटकांना बंद केले. आणि या सहलीच्या महिनाभर आधी, ७ जुलै २०२४ च्या रविवारी, सत्तरीतल्याच पाली धबधब्यावर गेलेली ऐंशीच्या आसपास माणसं पाणी वाढल्याने पलीकडे अडकली होती. अग्निशामक दलाने आणि पोलिसांनी दोर लावून त्यांना बाहेर काढलं. ही बातमी ताजी होती. मॅडमची सूचना सगळ्यांनी तंतोतंत पाळली. त्या दिवशी कुणीही कुठल्याही धबधब्यावर गेलं नाही.

घाट चढताना

साडेसातला निघायची बस आठला निघाली. साखळीत भाजी-पाव आणि बन्स खाऊन सगळे बाहेर पडले तेव्हा साडेनऊ उलटले होते. श्रावणातला शनिवार असल्याने पणजीच्या तेरापैकी बहुतेकांचं शाकाहारी चाललं होतं. पुण्याच्या तरुण मंडळींना शागोती आणि बियर हवी होती. यावरून बसमध्ये थोडी थट्टामस्करी झाली. शेवटी पुण्याच्या सरांनी निकाल दिला, "गोव्यात आलोय, गोव्याचा श्रावण पाळू." हे सर म्हणजे उपमहाव्यवस्थापक, त्या दिवशीच्या माणसांतले सर्वांत वरिष्ठ. पुढे जे घडलं त्यात त्यांची बाजू कमजोर दिसेल, म्हणून इथेच सांगतो : माणूस अडेल नाही. बसमध्ये त्यांच्यासाठी पुढची जागा रिकामी ठेवली होती, ते मुद्दाम मधल्या रांगेत जाऊन बसले. तरी त्यांच्या शेजारची जागा साखळीपर्यंत रिकामीच होती.

केरी सोडली की घाट सुरू होतो. चार-पाच वळणं चढून गेल्यावर खाली अंजुणे धरणाचा जलाशय दिसायला लागतो. त्या पाण्याखाली जुनं अंजुणे गाव आहे. समोर वाघेरीचा डोंगर, निम्मा ढगात. ऑगस्टमध्ये इथे हिरव्याच्या इतक्या छटा असतात की फोटोत त्या सगळ्या एकच होऊन जातात आणि फोटो काढणारा हिरमुसतो. कड्यांवरून पांढऱ्या धारा लोंबत असतात. सत्तरीत धबधब्याला वझर म्हणतात, आणि या दिवसांत घाटाच्या प्रत्येक वळणाला एकेक वझर सापडतो. बस तीनदा थांबली. दोघींना गाडी लागली, एकीने आवळासुपारी चघळत निभावून नेलं. सुर्ल्याच्या माथ्यावर पोचायला बारा वाजले.

या डोंगराची एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. माथ्यावर सपाट सडे आहेत, जांभ्या दगडाचे, वर मातीचा पातळ थर. जून-जुलैचा पाऊस पिऊन ऑगस्टपर्यंत हे सडे तुडुंब झालेले असतात. वाळपईच्या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि त्यातला बराचसा या दोन-तीन महिन्यांतच. त्यानंतर पडणारी सर जमिनीत मुरतच नाही, सरळ वाहायला लागते. सड्यावरून निघणारे व्हाळ आखूड आणि तीव्र उताराचे असल्यामुळे वर पाऊस लागला की वीसेक मिनिटांत खालचं पाणी बदलतं. तुम्ही उभे आहात तिथे ऊन असू शकतं. धुकं असेल तर वरचा पाऊस दिसतही नाही. पण याचीच दुसरी बाजू अशी की चढतं तितक्याच लवकर ते उतरतंही. मोठ्या नदीचा पूर दोन-दोन दिवस हटत नाही. हे व्हाळ पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत पुन्हा ताळ्यावर येतात. म्हणून अडकलेल्या माणसाकडे इथे एक फार चांगला उपाय असतो, तो म्हणजे बसून राहणं. फक्त तो करता यायला हवा.

व्हाळ

जेवण एका घरी सांगितलं होतं. नाचणीच्या भाकऱ्या, तायकिळ्याची भाजी, अळू, भात आणि सोलकढी. एकच्या सुमाराला जेवणं उरकली, बस सुटायला दोन तास बाकी. रस्त्यालगतच्या ठिकाणाहून दरी बघायची तर सगळं पांढरं, धुक्याशिवाय काही नाही. कुणी पत्ते काढले. घरमालकाचा मुलगा सहज म्हणाला, मागच्या सड्यावर फुलं आलीत. पुण्याचे सर उठले. त्यांच्या हाताखालचे दोघे, एक तरुण आणि एक तरुणी, त्यांच्यामागोमाग निघाले. जाताना त्यांनी लेखाविभागातल्या प्रशिक्षणार्थी मुलीला हाक मारली, "तू इथलीच ना? चल, वाट दाखव."

ती केरीची. नोकरीला लागून पाच महिने झाले होते, परिवीक्षेचा एक महिना बाकी होता. सुर्ल्याला ती लहानपणी एका लग्नाला आली होती, एवढीच तिची या गावाशी ओळख. पण पुण्याहून बघितलं तर केरी आणि सुर्ल एकच. तिने ‘मी इथली नाही’ असं सांगितलं का, असं मी विचारलं. ती हसली. "सरांनी चल म्हटलं ना."

सड्याच्या वाटेवर व्हाळ आडवा येतो. त्याला नाव नाही. गावातले लोक त्याला नुसतं व्हाळ म्हणतात. त्या वेळी तिथे पाणी घोट्याइतकं, नितळ, मध्ये पाय ठेवायला दगडांची ओळ. हे काही मैनापी नव्हतं की पाली नव्हतं. चौघे दीड-पावणेदोनला ओलांडून पलीकडे गेले. मुलीने एकदा वर बघून "सर, वरती काळं झालंय," असं म्हटलं होतं. "पाच मिनिटं," सर म्हणाले. मी तिला विचारलं की तेव्हाच जोर का नाही धरला. तिचं उत्तर मला अजून पटतं : "तेव्हा नाही म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. पाणी घोट्याला होतं."

सड्यावर फुलं खरंच होती. जांभळी-निळी सीतेची आसवं, मधून मधून पिवळी सोनकी. एका बाजूला धुकं फाटून दरीचा एक तुकडा दिसला, त्याचे फोटो अजून ऑफिसच्या ग्रुपवर आहेत. सव्वादोनच्या पुढेमागे पाऊस आला आणि सगळे परत फिरले. व्हाळाशी येईपर्यंत पावणेतीन झाले होते. पाणी तांबडं झालं होतं, दगडांची ओळ दिसत नव्हती, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येत होत्या आणि आवाज बदलला होता. खोली अंदाजे गुडघ्याएवढी.

काठावरचं बोलणं

इथलं संभाषण मी तिघांकडून ऐकलं आणि ते बहुतेक जुळलं.

सर म्हणाले, "गुडघाभरच आहे. एकमेकांचे हात धरून जाऊ. तीनला बस सुटायची आहे."

"सर, मी येत नाही," मुलगी म्हणाली.

"म्हणजे?"

"पाणी चढतंय. आता बसायचं."

"बस थांबणार नाही."

"नाही थांबली तर जाईल, सर. खाली माझंच गाव आहे. रात्र झाली तरी जेवायला घालीन."

यानंतर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग पुण्याची तरुणी एका दगडावर जाऊन बसली. माझ्या मते प्रकरणाचा निकाल तिथे लागला. एका प्रशिक्षणार्थीचं ‘नाही’ सरांना मोडता आलं असतं. एकीच्या जोडीला दुसरी बसली, तेव्हा त्यांच्याबरोबर पाण्यात उतरायला एकच माणूस उरला, आणि तो तर बोलतच नव्हता.

मुलीने दोन काटक्या घेतल्या. एक पाण्याच्या कडेला रोवली, दुसरी तिच्या वीतभर वर. पहिली दहा मिनिटांत बुडाली. दुसरी बुडायला आली तेव्हा तिने आणखी वर तिसरी रोवली. हे कुणी शिकवलं, असं मी विचारलं तर म्हणाली, कुणी नाही, शाळेच्या वाटेवर असाच व्हाळ होता, तिथे सगळीच मुलं करायची. वाढतंय की थांबलंय हे डोळ्याला कळत नाही, काटकीला कळतं. सर सुरुवातीला येरझाऱ्या घालत होते, नंतर काटक्यांपाशी येऊन बसले.

गुडघाभर पाण्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण शहरातला माणूस इथेच फसतो. साचलेल्या गुडघाभर पाण्यातून पोरंही जातात. वाहतं गुडघाभर पाणी मोठ्या माणसाच्या पायाखालचा दगड सरकवतं, आणि तांबडं असल्याने पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. हात धरून साखळी करायची म्हणजे एक पडला की चारही जण ओढले जातात. योग्य माणसं, काठ्या आणि सराव असेल तर साखळीने जाता येतं, पण ते या चौघांचं काम नव्हतं.

सरांशी मी पुण्याला फोनवर बोललो. ते मोकळेपणाने बोलले. "मला त्या वेळी पाण्याची भीती वाटतच नव्हती. अठरा लोक माझ्यासाठी खोळंबलेत, आणि वेळ पाळा म्हणून मीच सगळ्यांना सांगत असतो, ही लाज वाटत होती." हे वाक्य मी लिहून घेतलं. त्यात या प्रकरणाचं मूळ आहे. माणूस पाण्यात उतरायला निघाला होता तो धाडस म्हणून नव्हे. वक्तशीर म्हणून.

रस्त्यावर

इकडे तीन वाजले. धुकं रस्त्यावर उतरायला लागलं होतं. चालकाने इंजिन चालू केलं. शाखा व्यवस्थापकांचं म्हणणं, सरांना सोडून जायचं कसं? सोडून जायचं कसं हा प्रश्न त्यांनी चार वेळा विचारला, असं दोघांनी सांगितलं. सुर्ल्यात फोनला रेंज धड नसते. कधी पलीकडच्या कर्नाटकातला टॉवर पकडतो, कधी काहीच नाही. चौघांशी बोलायची सोय नव्हती.

निर्णय घेतला तो प्रशासनाच्या मॅडमनी. सोळा जणांना घेऊन बस खाली केरीला जाईल. साखळीच्या सहकाऱ्याची गाडी वर राहील, त्या स्वतः आणि गाडीवाले थांबतील. शाखा व्यवस्थापकांनी बसबरोबर जायचं, कारण खाली रेंज आहे. पाचपर्यंत वरून निरोप आला नाही तर ११२ ला फोन करायचा आणि वाळपईच्या अग्निशामक केंद्राला कळवायचं. व्यवस्थापकांना हे आवडलं नाही, पण ते गेले. घरमालकाच्या मुलाला मॅडमनी व्हाळाकडे धाडलं.

मुलगा काठावर पोचला तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू जात नव्हतं. त्याने हाताने वरच्या बाजूला खूण केली. केरीच्या मुलीला ती लगेच कळली : वर साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल आहे. सत्तरीत पावसाळ्यासाठी लाकडाचे, बांबूचे साकव घालतात. गावातली माणसं पावसात त्या दगडांच्या ओळीवरून जातच नाहीत. पाऊस ओसरायची आणि तिसरी काटकी कोरडी राहायची वाट बघून चौघे काठाकाठाने वर गेले, जळवा काढत काढत. मुलगा पलीकडच्या बाजूने त्यांच्याबरोबर चालत होता. साकवावरून अलीकडे येऊन रस्त्याला लागेपर्यंत साडेचार वाजले. पाच जणांच्या गाडीत सहा जण बसून धुक्यातून सावकाश केरीला उतरले. अहवालात बाकी सगळं आलंय, हा सहावा माणूस तेवढा कुठेच नाही.

तांबडी सुर्ल अर्थातच राहिलं. बोटीचे पैसे बुडाले.

तीन वाजताचं ओझं

पुण्याच्या अहवालात शेवटी लिहिलं होतं, ‘स्थानिक कर्मचाऱ्याच्या प्रसंगावधानामुळे अनर्थ टळला.’ खोटं नाही. पण हे वाक्य मला खटकलं. परिवीक्षेतल्या मुलीने, जिच्या कायम होण्याच्या कागदावर एखादवेळेस याच माणसाची सही लागणार होती, तिने त्याला तोंडावर नाही म्हटलं. याला प्रसंगावधान म्हणून टाळ्या वाजवल्या की तिला ती जोखीम का घ्यावी लागली, हा प्रश्न बाजूला पडतो. पुढच्या वेळी तिथे केरीची मुलगी नसेल, नाशिकचा एखादा भिडस्त मुलगा असेल.

आणि वेळेचं काय? तीनच्या वेळेने सोळा जणांना धुक्याआधी घाटाखाली नेलं. चालकाचं बरोबर होतं. पण त्याच वेळेने चौघांना पाण्याकडे ढकललं. सहली नेणारे आम्ही लोक वेळ कडक ठेवा, असं उठताबसता सांगतो. या प्रकरणाने माझ्या सांगण्यात एक भर पडली. गाडीची वेळ कडक असावी, पण ती चुकली तर काय होणार हेही निघण्यापूर्वी सगळ्यांना माहीत असावं : गाडी जाईल, तुम्ही आहात तिथे थांबा, तुम्हाला आणायची सोय आम्ही करू, आणि उशिराबद्दल कुणी चकार शब्द काढणार नाही. मॅडमनी प्रत्यक्षात नेमकं हेच केलं. बस पाठवली, गाडी ठेवली. फक्त पलीकडच्या चौघांना ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर काठावरचं ते संभाषण घडायचं कारणच उरलं नसतं.

धबधब्याच्या मनाईबद्दलही मी कंपनीला एक बदल सुचवला. ‘धबधब्यावर जायचं नाही’ याऐवजी ‘जून ते सप्टेंबर साकव किंवा पूल असल्याशिवाय वाहतं पाणी ओलांडायचं नाही, ते कितीही उथळ असलं तरी’ असं लिहा. बंदी नेहमी नावाजलेल्या जागेवर बसते. माणसं ती जागा टाळतात आणि बिननावाच्या व्हाळात निर्धास्त उतरतात. शिवाय सुर्ल म्हादई अभयारण्याच्या परिसरात येतं. १९९९ मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरचं आहे. गावाच्या मागे पाच मिनिटं चाललं की आपण कुठे आहोत याची विचारपूस वनखात्याच्या माणसाकडे केलेली बरी.

तिसरी गोष्ट लिहून घेताना शाखा व्यवस्थापक जरा अडखळले. घाटात चालकाचा शब्द शेवटचा, पाण्याशी तिथल्या वाटाड्याचा, आणि हे निघण्यापूर्वी बसमध्ये सर्वांत वरिष्ठ माणसाने स्वतःच्या तोंडाने जाहीर करायचं. कनिष्ठाने जाहीर केलं तर ते कुणी मनावर घेत नाही. व्यवस्थापक म्हणाले, सरांना असं बोलायला सांगणार कोण? मी म्हटलं, मी सांगतो. फोनवर सांगितलंही. ते म्हणाले, "पाठवा लिहून, वाचतो."

नोव्हेंबरमध्ये तांबडी सुर्लचा स्वतंत्र दिवस ठरला. मला तसंही ते बरं वाटतं. कदंबांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं ते काळ्या बेसॉल्टचं मंदिर बोटीच्या वेळेकडे डोळे लावून बघायची गोष्टच नाही. सगळीकडे जांभा असलेल्या मुलखात हा दगड आला कुठून, इथूनच बोलणं सुरू होतं. मंडपात शीर नसलेला नंदी, छताला कोरलेलं कमळ, एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती. शेजारी नदी, नोव्हेंबरात तळ दिसेल इतकी स्वच्छ.

मॅडमनी त्या सहलीची वाटाडी म्हणून केरीच्या मुलीचं नाव घातलं होतं. ती तोवर कायम झाली होती. तिने ग्रुपवरच उत्तर टाकलं : ‘येते, पण मागच्या सीटवर बसणार. मी लेखाविभागात आहे. वाटाड्या पैसे देऊन घ्या.’ तसा घेतला, गावातलाच. त्याच्याकडे पावतीपुस्तक नव्हतं, म्हणून पुण्याच्या लेखाविभागाने खर्च नामंजूर करून बिल परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला त्यावर उपमहाव्यवस्थापकांची सही होती आणि शेरा होता, ‘पावतीविना मंजूर.’